भंगारातला बिअरचा कॅन: वय कसं ओळखायचं, मोल कसं ठरवायचं

बेळगावात कॅम्पातला एखादा जुना बंगला रिकामा होतो, कुणी आखातातून किंवा जहाजावरून आणलेली माळ्यावरची पेटी उघडली जाते, आणि बिअरचे रिकामे कॅन किलोच्या भावाने भंगारात जातात. त्यातला एखादा संग्राहकाच्या कामाचा असतो. म्हणून कॅन हाती आला की घासायला घेऊ नका. आधी तो नीट वाचा.

सुरुवात लोहचुंबकाने करा. चिकटला तर पत्र्याचा, नाही तर ॲल्युमिनियमचा. अंग पत्र्याचं आणि झाकण ॲल्युमिनियमचं असेल तर तो साधारण १९६० नंतरचा. मग कॅन उजेडात फिरवून उभा सांधा शोधा. सांधा दिसला तर अंग, तळ आणि झाकण असे तीन तुकडे जोडलेले आहेत. सांधा नसून तळ आत दबलेला असेल तर तो नंतरच्या काळातला, दोन तुकड्यांचा.

सगळ्यात जास्त बोलतं ते झाकण. कॅनमधली बिअर पहिल्यांदा विकली गेली २४ जानेवारी १९३५ रोजी, अमेरिकेतल्या रिचमंड शहरात, कंपनी क्रुगर. ते झाकण सपाट होतं आणि टोकदार उघडणीने भोक पाडावं लागे. त्यामुळे सपाट झाकणावर काठाजवळ त्रिकोणी भोकं दिसली की कॅन बहुधा साठच्या दशकाच्या मध्यापूर्वीचा. कॅन कसा उघडावा याची चित्रं बाजूला छापली असतील तर तो आणखी जुना, कारण तेव्हा लोकांना ते शिकवावं लागत होतं. बाटलीसारखं निमुळतं तोंड आणि वर बूच असलेले कॅन १९३५ पासून साधारण १९६० पर्यंत चालले. ओढून काढायची पट्टी १९६२-६३ मध्ये आली, आणि झाकणालाच चिकटून राहणारी आजची पट्टी १९७५ मध्ये. ही सगळी वर्षं अमेरिकेची. इतर देशांत हे बदल उशिरा पोचले, म्हणून तिथल्या कॅनचं झाकण फक्त ‘याच्या आधीचा नाही’ एवढंच सांगतं.

आता छपाई. अमेरिकी कॅनवर ‘इंटर्नल रेव्हेन्यू टॅक्स पेड’ असेल तर तो १९५० किंवा त्याआधीचा. सरकारी आरोग्य इशारा असेल तर नोव्हेंबर १९८९ च्या आसपासचा किंवा नंतरचा. बारकोड असेल तर १९७४ च्या आधीचा नाही. आपल्याकडच्या कॅनवर पत्ता बारकाईने वाचा. पिनकोड ऑगस्ट १९७२ नंतरचा, ₹ हे चिन्ह जुलै २०१० नंतरचं. गोव्याच्या पत्त्यात ‘दमण, दीव’ जोडलेलं असेल तर मजकूर मे १९८७ पूर्वीचा. ‘बेंगळुरू’ हे स्पेलिंग नोव्हेंबर २०१४ नंतरचं मानायला हरकत नाही, पण ‘बॅंगलोर’ दिसलं म्हणून कॅन जुना ठरत नाही; कंपन्या जुना मजकूर वर्षानुवर्षं छापत राहतात. नवी खूण ‘याच्या आधीचा नाही’ हे पक्कं करते, जुनी खूण फक्त शक्यता सांगते.

किंमत ठरते ती दुर्मिळता आणि अवस्था यांवर, वय त्यानंतर. अमेरिकेत १९७७ साली राष्ट्राध्यक्ष कार्टर यांच्या भावाच्या नावाने ‘बिली बिअर’ निघाली. पुढे महाग होईल म्हणून लोकांनी कॅन साठवले, आणि इतके साठवले की आज त्यांना फारसा भाव नाही. संग्राहक अवस्थेला १ ते ५ असा दर्जा देतात: १ म्हणजे नवा कोरा, ५ म्हणजे गंजलेला, चेपलेला. एकाच कॅनच्या १ आणि ४ या दर्जांत किमतीचा कित्येक पटींचा फरक पडतो. वरून न उघडता तळाला भोक पाडून रिकामा केलेला कॅन जास्त भाव खातो. तुलना करताना मागितलेली किंमत सोडा. तोच ब्रँड, तीच छपाई, तोच दर्जा प्रत्यक्षात कितीला विकला गेला ते बघा.

धुवायचाच असेल तर कोमट पाणी, भांडी धुण्याच्या साबणाचा एक थेंब आणि कापूस. तारेची घासणी किंवा पितांबरी लावली तर सोनेरी-चंदेरी छपाई पाण्याबरोबर निघून जाते. पत्र्याचा हलक्या किमतीचा कॅन फारच गंजला असेल तरच ऑक्झॅलिक ॲसिड वापरा: एक लिटर कोमट पाण्यात एक छोटा चमचा, हातमोजे घालून, हवेशीर जागी, प्लास्टिकच्या टबात. हे विषारी आहे, मुलांपासून दूर ठेवा. आधी तळाकडे रंगावर थेंब टाकून बघा, मग दर दहा मिनिटांनी तपासा. सोनेरी रंग आणि काही लाल छटा यात फिकट होतात. बाहेर काढल्यावर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यातून काढा, साध्या पाण्याने धुवा आणि हेअर ड्रायरने लगेच वाळवा. ओला ठेवला तर तासाभरात नवा तांबेरा धरतो.

खानापूर, जांबोटीकडचा पावसाळा पत्र्याचा शत्रू आहे. ओल धरणाऱ्या भिंतीला टेकवून कॅन ठेवू नका. बंद कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि जून ते सप्टेंबर दर महिन्याला बदला. थेट ऊन नको, लाल रंग आधी उडतो. भरलेला जुना कॅन ठेवू नका: बिअर आतून धातू खाते, एक फुटला की शेजारचेही खराब होतात. तळाला दोन बारीक भोकं पाडा, एक बिअर बाहेर यायला, दुसरं हवा आत जायला, आणि रिकामा झाल्यावर आतून दोनदा धुवा. गोव्याहून चोर्ला घाटाने कॅन आणायचे तर तेही रिकामेच आणा. भरलेले विनापरवाना आणले तर अबकारी खात्याचा त्रास होतो.