ड्रॅगच्या लाँचसाठी सस्पेन्शन: पैसे कुठे घालायचे आणि कुठे नाही

पुण्यात ड्रॅगच्या, म्हणजे सरळ रेषेतल्या शर्यतीच्या, नादाला लागलेला नवा माणूस सस्पेन्शनमधली पहिली वस्तू घेतो ती लोअरिंग स्प्रिंग. गाडी खाली बसते, देखणी दिसते आणि ६० फुटांचा टाइम, म्हणजे लाँचला उभ्या जागेवरून सुटून पहिले ६० फूट कापायचा वेळ, जिथल्या तिथे राहतो. मग दोष क्लचला, मग इंजिनच्या कॉम्प्युटर मॅपला, मग टर्बोला. हजारो रुपये गेल्यावर कुणीतरी सांगतं की लाँचचं दुखणं भलतीकडेच होतं. हे आधी कळलं तर किती मनस्ताप वाचतो, हे ज्याचे पैसे गेलेत त्यालाच ठाऊक. म्हणून सविस्तर लिहितोय.

पहिली गोष्ट. आपल्याकडच्या बहुतेक गाड्या पुढच्या चाकांवर चालतात. पोलो, स्विफ्ट, आय-ट्वेंटी, सिटी, ऑक्टाव्हिया, सगळ्या. इंटरनेटवरचे ड्रॅगचे सल्ले मात्र बरेचसे अमेरिकन मस्टंग-कॅमारोवाल्यांचे असतात, आणि त्या मागच्या चाकांच्या गाड्या. पुढचा शॉकअप सहज उघडावा पण दाबायला जड जावा, असे तिकडचे ९०/१० शॉकअप नाक वर जाऊन तिथंच राहावं म्हणून बनवलेले असतात. आपल्याला नाक असं मुद्दाम उंच नेऊन अडकवून ठेवायचं नाही. म्हणून कुठलाही सल्ला वाचताना आधी बघा, की तो कुठल्या चाकांसाठी आहे.

आता थोडा हिशोब, कारण त्याशिवाय पुढचं पटणार नाही. लाँचला पुढून मागे जाणारं वजन चार गोष्टींवर ठरतं: गाडीचं वजन गुणिले प्रवेग गुणिले गुरुत्वमध्याची उंची, भागिले व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर). ड्रायव्हरसकट १२२० किलोची हॅचबॅक धरा. उंची ५४० मिलिमीटर, व्हीलबेस २४७० मिलिमीटर, प्रवेग अर्धा जी (गुरुत्वाकर्षणाच्या निम्मा). मागे जातात साधारण १३३ किलो. पुढच्या चाकांवर उभ्या गाडीत ६२ टक्के, म्हणजे ७५६ किलो होते, ते ६२३ वर आले. या सूत्रात स्प्रिंग कुठेच नाही. शॉकअपही नाही. स्प्रिंग कितीही कडक घाला, ते १३३ किलो जाणारच.

गाडी ३० मिलिमीटर खाली केली तर? उंची ५४० ची ५१० झाली, वाचले सुमारे ७ किलो. पकड पूर्ण ६० फूट टायरवरच अडलेली आहे असं धरलं, आणि टायरचा घर्षणांक ०.९, तर ६० फुटांचा टाइम निघतो २.८३ सेकंद. लोअरिंगनंतर २.८२. तेच लोअरिंग न करता टायर ०.९ वरून १.० वर नेलात तर २.७१. एकीकडे सेकंदाचा शंभरावा भाग, दुसरीकडे बारा पट. पैसे कुणावर घालायचे ते यातूनच ठरवा.

घाबरून जाऊ नका, सस्पेन्शनला काहीच अर्थ नाही असं मी म्हणत नाहीये. वजन किती जातं हे सस्पेन्शनच्या हातात नाही. ते कसं जातं, एका दमात की उड्या मारत, हे मात्र पूर्ण त्याच्याच हातात आहे. आणि नव्या माणसाचा खरा घात होतो तो इथेच.

समज असा, की पुढचा शॉकअप रिबाउंडला, म्हणजे उघडताना, पूर्ण कडक केला की नाक वर येत नाही, म्हणजे वजन पुढेच राहतं. कॉइलओव्हर (उंची आणि बऱ्याचदा कडकपणाही बदलता येणारे स्प्रिंग-शॉकअप) आले, नॉब शेवटपर्यंत फिरवला, नाक खरंच खाली राहिलं, आणि टायर पहिल्या मीटरमध्येच फिरायला लागला. असं का होतं ते नीट समजून घ्या. नाक खाली राहिलं म्हणजे वजन चाकावर राहिलं असं मुळीच नाही. नाक वर जायला लागतं तेव्हा शॉकअप उघडतो आणि उघडताना विरोध करतो. तो विरोध दोन्ही टोकांना लागतो: वरच्या टोकाला बॉडी खाली ओढतो आणि खालच्या टोकाला चाक वर ओढतो. रस्त्यावर टायर दाबणारं बळ म्हणजे स्प्रिंगची ढकल वजा शॉकअपची ही ओढ. शॉकअप त्या क्षणी ४०० न्यूटनने ओढत असेल तर तेवढा वेळ त्या चाकावरून जवळपास ४० किलो उचलल्यासारखे होतात. बॉडीला मोकळेपणानं वर जाऊ दिलं असतं तर वजन टप्प्याटप्प्यानं गेलं असतं आणि क्लच सुटण्याच्या नेमक्या क्षणी टायरला थोडा जास्त भार मिळाला असता. पूर्ण कडक केल्यावर वजन वाचत नाही, ते उलट लवकर जातं.

मग एकदम मऊ करावा का? तेही नाही. मऊ शॉकअपवर सुरुवातीची पकड चांगली वाटते, पण नाक गरजेपेक्षा वर जातं, वरच्या टोकाला स्प्रिंग जास्त उघडलेली असते आणि त्या क्षणी टायरवर ६२३ पेक्षाही कमी भार उरतो. नेमका तिथे टायर सुटतो, नाक खाली येतं, परत पकडतो, परत सुटतो. बाहेरून बघणाऱ्याला गाडी मान डोलावताना दिसते. आपल्याला हवा आहे तो मधला बिंदू: नाक एकदा वर जावं, फार तर किंचित परतावं, आणि तिथं स्थिर व्हावं.

लोअरिंग स्प्रिंग कंपनीच्या शॉकअपवर बसवली की काय होतं तेही याच हिशोबात बसतं. समजा मूळ स्प्रिंग २५ न्यूटन प्रति मिलिमीटर होती आणि नवी ३० टक्के कडक आहे. शॉकअप तोच राहिला तर डॅम्पिंगचं, म्हणजे डोलणं थोपवण्याचं, प्रमाण साधारण १२ टक्क्यांनी घसरतं, म्हणजे डोलणं वाढतं. नाकाची उचल मात्र २६ वरून फक्त २० मिलिमीटरवर येते. सहा मिलिमीटरसाठी डोलणं विकत घेतलंत. त्यात शॉकअप जुना, ६०-७० हजार किलोमीटर चाललेला असेल तर विचारूच नका.

आणखी एक गोष्ट कॅटलॉगमध्ये सापडत नाही: शॉकअपला वरच्या दिशेनं, म्हणजे उघडायला, किती जागा उरलीय. गाडी जमिनीवर असताना चाकाच्या मध्यापासून कमानीपर्यंतची उंची मोजा. मग जॅकवर घेऊन चाक लटकू द्या आणि परत मोजा. फरक किमान ५० ते ६० मिलिमीटर हवा. काही स्वस्त कॉइलओव्हर गाडी खूप खाली केल्यावर ३०-४० च देतात. लाँचला नाक उसळलं की शॉकअप टोकाला आपटतो, चाकाला झटका बसतो आणि व्हील हॉप, म्हणजे चाकाचं उड्या मारणं, सुरू होतो. प्रीलोडची (स्प्रिंग आधीच दाबून ठेवणारी) रिंग आवळून स्प्रिंग कडक होते हाही गैरसमज सोडा. सरळ रेटच्या (कितीही दाबली तरी कडकपणा तोच राहणाऱ्या) स्प्रिंगला त्यानं फक्त उंची बदलते.

व्हील हॉपबद्दल एकच कडक वाक्य: स्टिअरिंगमध्ये धडधड आली की त्याच क्षणी ॲक्सिलरेटर सोडा. एक रन वाया गेला तरी चालेल, ड्राइव्हशाफ्ट किंवा गिअरबॉक्सचं केसिंग गेलं तर मोसम गेला.

ही धडधड बहुतेकदा स्प्रिंगमधून नाही, रबरातून येते. म्हणून माझ्या मते खर्चाचा क्रम असा असावा: टायर, मग इंजिन माउंटिंग, मग लोअर आर्मचे (चाकाला धरणाऱ्या खालच्या दांड्याचे) रबरी बुश, मग शॉकअप, आणि सगळ्यात शेवटी स्प्रिंग. पोलोसारख्या आडव्या इंजिनाच्या गाडीत खालचं डॉगबोन (हाडाच्या आकाराचं) माउंटिंग लाँचचा सगळा पिळा झेलतं. त्यात पॉलियुरेथेनचा इन्सर्ट घातला तर इंजिन पुढेमागे डुलणं कमी होतं. आयडलला डॅशबोर्ड थोडा थरथरेल, ते सहन करा. बाकीची दोन माउंटिंग लगेच कडक करू नका, रोज गाडी चालवणं नकोसं होईल. लोअर आर्मचा मागचा बुश टॉमी (लोखंडी पहार) लावून हलवून बघा. रबर चिरलेलं दिसलं किंवा आर्म सहज सरकला तर आधी तो बदला. या वस्तू नाना पेठेत मिळतात, आणि वेगळ्या मापाचा बुश हवा असेल तर भोसरीत लेथवाले करून देतात. पण ओरिजिनल बुश उपलब्ध असताना कडक रबर म्हणून कुठलाही नकली बुश घेऊ नका.

बुश बदलताना मेस्त्री हमखास एक चूक करतात, ती डोळ्यांत तेल घालून बघा. गाडी रॅम्पवर, चाकं लटकलेली, आणि तसाच आर्मचा बोल्ट आवळला जातो. मग गाडी खाली आली की बुश कायमचा पिळलेला राहतो आणि काही महिन्यांत फाटतो. बोल्ट हलका लावा, गाडी चाकांवर उभी करा, दोन-तीन वेळा दाबून बसवा, आणि मगच टॉर्क रेंचनं शेवटचा टॉर्क द्या. उंची बदलली असेल तर जुनेही बोल्ट सैल करून परत असेच आवळावे लागतात. ज्या गॅरेजात टॉर्क रेंच नाही आणि "हाताला कळतं" असं सांगतात, तिथून मी नमस्कार करून निघतो. उस्तादांच्या हाताबद्दल मला मनापासून आदर आहे, पण सस्पेन्शनचा बोल्ट अंदाजावर सोडण्याची वस्तू नाही. शॉकअपचा वरचा नटही इम्पॅक्ट गननं मारू देऊ नका. आतला रॉड फिरतो आणि सील जातं.

स्प्रिंग ग्राइंडरनं कापणं हा शॉर्टकट अजून चालतो. करू नका. शेवटचा वेढा सीटवर नीट बसत नाही, उष्णतेनं त्या जागी पोलाद बिघडतं, आणि कडकपणा किती वाढला हे कुणालाच माहीत नसतं.

टायरची हवा हा फुकटचा उपाय आहे आणि लोक त्याकडे शेवटी वळतात. साध्या रोड टायरवर पुढे ३२-३३ वरून २६-२७ पीएसआयवर या, एकेक पॉइंट कमी करत २४ पर्यंत बघा. त्याच्या खाली जाऊ नका, टायर रिमवर सरकायला लागतो. मागे ३६ ते ३८ ठेवा. गेज स्वतःचा घ्या, पंपावरच्या गेजवर दोन-तीन पीएसआयचा भरवसा नसतो.

अलाइनमेंट वेगळ्या शब्दांत मागा. लोअरिंगनंतर पुढच्या चाकांना निगेटिव्ह कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत झुकणं) वाढतो, आणि लाँचला टायर आतल्या कडेवर उभा राहतो. सरळ रेषेसाठी उणे अर्धा ते उणे एक अंश पुरे. टो (वरून पाहता चाकांची पुढची टोकं आत की बाहेर) शून्य किंवा एकूण एक मिलिमीटर बाहेर ठेवा, कारण जोर लावल्यावर पुढची चाकं बुशच्या लवचिकपणामुळे आत वळतात. मशिनवाला स्क्रीनवर सगळं हिरवं झालं की काम संपलं समजतो; आकडे छापून घ्या आणि स्वतः वाचा.

मागच्या बाजूला फार डोकं खाऊ नका. टॉर्शन बीमवर (मागची दोन्ही चाकं जोडणारा आडवा दांडा) थोडी कडक स्प्रिंग आणि ताजे शॉकअप असले की मागचा भाग कमी बसतो आणि डोलणं लवकर थांबतं. पुढे वजन परत येत नाही, हे एव्हाना तुम्हाला कळलंय. डिकीतलं स्टेपनी-जॅक काढलं की मात्र पुढच्या चाकांना खरोखर दोन-तीन किलो मिळतात, कारण ते वजन मागच्या ॲक्सलच्याही मागे लटकलेलं असतं.

मोजल्याशिवाय नॉबला हात लावू नका. पुढच्या कमानीवर आणि दारावर पांढऱ्या टेपच्या खुणा करा, मित्राला बाजूनं फोनवर २४० फ्रेमचा स्लो मोशन घ्यायला सांगा, आणि ड्रॅगीसारख्या जीपीएस यंत्रावर ६० फुटांचा टाइम बघा. रिबाउंड मधोमध ठेवून सुरू करा. तीन लाँच एकाच आरपीएमला, एकाच हवेवर. नाक दोनदा डोललं तर दोन क्लिक कडक. नाक जेमतेम हललं आणि टायर लगेच सुटला तर दोन क्लिक मऊ. एका वेळी एकच गोष्ट बदला. स्वस्त कॉइलओव्हरमध्ये एकच नॉब रिबाउंड आणि कम्प्रेशन (दाबतानाचा विरोध) दोन्ही बदलतो, त्यामुळे घेण्याआधी विचारून घ्या.

हे सगळं करायला बायपास किंवा लवासाचा रस्ता ही जागा नाही. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे, आणि त्याहून वाईट म्हणजे समोरून येणाऱ्याला तुमच्या क्लिकशी काही देणंघेणं नसतं. लोणावळ्याच्या पुढे ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅगचे कार्यक्रम झालेले आहेत. असा आयोजित कार्यक्रम असेल तेव्हा जा, एफएमएससीआयचे (देशातल्या मोटारस्पोर्टची नियामक संस्था) नियम आणि हेल्मेटची अट आधी वाचा. धावपट्टी ड्रॅग स्ट्रिपसारखी चिकट केलेली नसते, म्हणून तिथे मऊ बाजूच्या दोन क्लिक जास्त उपयोगी पडतात.

बीएमडब्ल्यूसारखी मागच्या चाकांची गाडी असेल तर वरचं बरंचसं उलटं करा: पुढचा रिबाउंड मऊ, मागची हवा कमी, आणि सबफ्रेमचे (मागचं सस्पेन्शन धरणाऱ्या चौकटीचे) बुश आधी तपासा.

परत निघताना घाट उतरण्याआधी पुढची हवा कंपनीच्या आकड्यावर भरा. २४ पीएसआयवर एक्सप्रेसवेला शंभरनं जाणं म्हणजे टायरची बाजू भाजणं आहे. घरी आल्यावर शॉकअपचा वरचा नट आणि आर्मचे बोल्ट पुन्हा टॉर्कला लावून बघा. नवे बसवलेले असतील तर शंभरेक किलोमीटरनंतर आणखी एकदा.