खांदा दुखत असताना छातीचा व्यायाम कसा केला, माझा अनुभव

आमची केळीची बाग रावेरकडे, गेल्या कटाईला घड उतरवताना उजव्या खांद्यात कळ आली आन् तेव्हापासून बारबेलने (दोन्ही टोकांना वजनं लावलेला लांब दांडा) बेंच प्रेस केला, म्हणजे बाकावर उताणं झोपून वजन छातीवरून वर ढकललं, की खांद्याला पुढून टोचायचं. आधी फिजिओला दाखवलं, काही फाटलेलं नाही म्हणाले तेव्हाच पुढचं सुरू केलं, हे टाळू नका भाऊ.

बारबेलमध्ये दोन्ही हात एकाच दांड्याला अडकलेले, मनगट फिरवायला जागाच नाही, म्हणून डंबेल घेतले, तळवे समोरासमोर, कोपर अंगापासून साधारण ४५ अंशावर, आणि बेंचवर नाही तर जमिनीवर झोपून. जमीनच कोपराला अडवते, हात पाठीच्या मागे जातच नाही आन् खांदा ताणला जात नाही, मला खरा फरक यानेच पडला. सुरुवात ५ किलोपासून, खाली आणताना ३ सेकंद.

पुशअप्स ओट्यावर हात ठेवून. डिप्स (दोन दांड्यांवर हात टेकून अंग खाली-वर करणं), पेक डेक (दोन्ही हात छातीसमोर जवळ आणायचं मशीन) पूर्ण बंद. छातीइतकंच पाठीचं रोइंग (अंगाकडे ओढायचा व्यायाम) पण करतो, रबर बँड खिडकीच्या गजाला अडकवून.

दोन महिने झाले, १२ किलोचे डंबेल न दुखता जातायत, बारबेलला अजून हात लावलेला नाही.