लाईट नसलेल्या घरासाठी सोलर कंदील करताय? मग जुलैपासून सुरुवात करा

पुण्यातले आपण लोक कंदील डिझाईन करतो मे महिन्यात, गच्चीवर कडक उन्हात टेस्ट करतो, आणि तो जातो वेल्ह्याकडच्या धनगरवाड्यावर जिथे जुलैत चार चार दिवस सूर्य दिसत नाही. माझा पहिला कंदील असाच मेला. दुसरी चूक म्हणजे पॅनेल कंदिलाच्याच डोक्यावर बसवलेलं. तिथल्या आजी म्हणाल्या, "आरं पोरा, दिसभर ह्याला उन्हात ठिवून राखत बसू का गुरं बघू?" बरोबरच होतं त्यांचं, शिवाय उन्हात सेल तापून खराब होतो तो वेगळाच. तेव्हा पॅनेल कायमचं छपरावर, कंदील घरात, मध्ये पाचेक मीटर वायर. वायर जरा जाड घ्या, टेलिफोनची बारीक नको, आणि उंदीर कुरतडतात म्हणून पाईपातून न्या.

आता हिशोब. संध्याकाळी स्वयंपाक, जेवण, पोरांचा अभ्यास धरून 4 तास पूर्ण उजेड 1 वॅटचा, म्हणजे 4 वॅट-तास. रात्रभर गोठ्याकडे जायला मिणमिणता उजेड लागतोच, तो साधारण 1 वॅट-तास खातो. रात्रीला 5 झाले, तीन रात्री ऊन नाही धरलं तर 15. लिथियम आयर्न फॉस्फेटचा 3.2 व्होल्ट 6000 एमएएचचा जाडा सेल 19.2 वॅट-तास देतो, म्हणजे एकच पुरतो. मोबाईलवाल्या लिथियम सेलपेक्षा हा जास्त वर्षं टिकतो आणि भडकायची भीतीही बरीच कमी.

पॅनेल 6 व्होल्ट 5 वॅटचं घ्या. कडक उन्हात 2 वॅटनेही भागलं असतं, पण आपण जुलै धरून चाललोय ना.

चार्जिंग बोर्ड, इथेच सगळे फसतात! पुण्याच्या तपकीर गल्लीत, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, मागाल तर पटकन टीपी4056 हातात मिळतं, ते 4.2 व्होल्टपर्यंत चार्ज करतं आणि या सेलला 3.65 च्या वर न्यायचं नसतं. टीपी5000 वालं घ्या, त्यावर 4.2 की 3.6 व्होल्ट हे ठरवणारा सोल्डरचा जोड असतो, तो 3.6 वर आहे ना ते सेल लावायच्या आधी मल्टीमीटरने बघा, दुकानदार हो म्हणाला म्हणून सोडू नका. दुसरं म्हणजे चार्जिंग करंट 1 अँपियरवर सेट असतो, ढगाळ हवेत पॅनेल तेवढा देऊ शकत नाही, व्होल्टेज कोसळतं आणि बोर्ड नुसतं चालू-बंद होत बसतं. बोर्डावरचा 0.1 ओहमचा रेझिस्टर काढून 0.2 चा लावला की करंट 0.5 होतो, मग थोड्या उजेडातही सेलमध्ये काहीतरी पडत राहतं. पॅनेलच्या वायरीत एक शॉट्की डायोड टाका, रात्री करंट उलटा जायला नको. सेल पार रिकामा किंवा जास्त चार्ज होऊ नये म्हणून लिथियम आयर्न फॉस्फेटसाठीचंच प्रोटेक्शन बोर्डही लावा.

एलईडी एकच 1 वॅटचा नको, छोटे 0.2 वॅटचे आठ घ्या, समांतर, प्रत्येकाला 10 ओहमचा रेझिस्टर. प्रत्येकावर लोड कमी म्हणून तापत नाहीत आणि तेवढ्याच करंटमध्ये उजेड जास्त मिळतो. मिणमिणत्या मोडला त्यातला एकच चालू ठेवायचा. रंग पिवळसरच घ्या, पांढऱ्याफटक उजेडावर किडे जास्त येतात आणि ते थेट पिठात.

चुलीच्या धुराने काळ्या झालेल्या भिंती उजेड गिळतात, त्यामुळे दुधी प्लॅस्टिकची बरणी वापरून उजेड सगळीकडे पसरवा आणि वर मजबूत हूक द्या म्हणजे आढ्याला टांगता येतो. स्विच मोठा, अंधारात चाचपून सापडेल असा, वर रबराची टोपी.

छपरावर पॅनेल दक्षिणेकडे 15-20 अंश उताराने लावा. जुलैअखेरपर्यंत पुण्यात दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावरच असतो त्यामुळे पावसाळ्यात कोनाचं फार मनावर घेऊ नका, उतार हवाय तो पावसाने धूळ धुऊन जायला.

द्यायच्या आधी घरी फुल चार्ज करून पॅनेल काढा आणि तीन रात्री रोज 4 तास पूर्ण नि बाकी मिणमिणता चालवा. तिसऱ्या रात्री विझला तर सोल्डरिंग परत तपासा, माझा दोनदा तिथेच अडकला होता.