अपिलात रेकॉर्ड अडकतं ते असं : या चुका टाळा

जमिनीच्या अपिलात 'रेकॉर्ड' म्हणजे खालच्या कोर्टातली मूळ फाईल 'आलं नाही' एवढ्यावर जितक्या तारखा पडतात, तितक्या वकिलांच्या गैरहजेरीवरही पडत नसतील. मी वकील नाही, वकिलांकडे कारकुनी करतो. धुळे-जळगावकडच्या कोर्टांतली जावक रजिस्टरं, नक्कल विभागाच्या खिडक्या आणि रेकॉर्ड रूममधली धूळ एवढंच माझं शिक्षण. पक्षकार आला की त्याचं म्हणणं ठरलेलं असतं : समोरच्याने पैसे चारून फाईल गायब केली. तसं कधी होतच नाही असं मी म्हणणार नाही. पण बहुतेक वेळा फाईल कुणी पळवलेली नसते. ती भलत्याच नंबराखाली बांधून पडलेली असते आणि तिला विचारायला कुणी गेलेलं नसतं.

फक्त निकालाची नक्कल घेऊन घरी जाणं

माझ्या डोक्यात सगळ्यात जास्त जाणारी चूक ही. दावा हरलेला माणूस रागात असतो, जिंकलेला पेढ्यात. दोघेही निकालपत्र आणि हुकूमनामा (डिक्री), एवढ्याच सही-शिक्क्याच्या नकला काढतात. बाकीचं काय, तर 'वरच्या कोर्टात जाईलच की'.

जातं, पण जे जातं ते एकच असतं. दावा, कैफियत (प्रतिवादीचं लेखी उत्तर), मुद्दे, साक्षी, निशाणी पडलेले (कोर्टाने पुरावा म्हणून क्रमांक दिलेले) दस्त, रोजनामा (तारीखवार कामकाजाची नोंद) या सगळ्याचा तो एक गठ्ठा. तालुक्याहून जिल्ह्याला आणि दुसरं अपील झालं तर तिथून औरंगाबाद खंडपीठाकडे. वाटेत तो हरवला, भिजला किंवा त्याला वाळवी लागली, तर पक्षकारांकडच्या नकलांवरून तो पुन्हा उभा करावा लागतो. खालच्या कोर्टाचा अहवाल मागवतात, दोन्ही बाजू आपापल्याकडचे कागद प्रतिज्ञापत्रासह देतात, समोरचा त्यावर हरकत घेतो, त्या हरकतीवरही तारखा पडतात. कुणाकडेच काही निघालं नाही तर प्रकरण फेरसुनावणीला खाली येऊ शकतं. तोवर दस्तावरचे साक्षीदार देवाघरी गेलेले असतात, तलाठी निवृत्त होऊन पुण्याला मुलाकडे राहायला गेलेला असतो.

माझी सवय सांगतो. निकाल लागला की लगेच नकलेचे दोन वेगळे अर्ज टाकायचे. एक निकालपत्र आणि हुकूमनाम्याचा, दुसरा बाकी सगळ्याचा : दावा, कैफियत, प्रत्येक साक्ष, निशाणी पडलेला प्रत्येक दस्त, कमिशनरचा अहवाल आणि नकाशा. वेगळे अशासाठी की जाड गठ्ठ्याच्या नकलेपायी अपील अडू नये. जिल्हा न्यायालयात अपिलाला ३० दिवस मिळतात, उच्च न्यायालयात ९०. नक्कल तयार व्हायला लागलेले दिवस मुदत कायद्याच्या कलम १२ प्रमाणे वगळतात, पण ते अर्ज दिल्यापासूनचे. 'कापूस वेचून झाला की बघू' म्हणणाऱ्याचे दिवस कोण वगळणार?

नकलांचा खर्च जड जातो म्हणणाऱ्या एका गृहस्थांनी त्याच महिन्यात पुतण्याच्या हळदीला डीजे आणला होता. असो.

'फाईल गहाळ आहे' हे तोंडी उत्तर घेऊन परतणं

तापीकाठच्या केळीच्या जमिनीचा वाटणीचा दावा. भाऊभाऊ आणि त्यांच्यात एक चुलता. निकाल झाला, आमच्या पक्षकाराने अपील केलं आणि पुढे काही वर्षं रेकॉर्डची वाट बघण्यात गेली. जिल्ह्याच्या कोर्टात म्हणायचे आलं नाही, तालुक्याच्या कोर्टात म्हणायचे केव्हाच पाठवलं. पक्षकाराचे वडील दर तारखेला एसटीने यायचे. जिना उतरताना एवढंच म्हणायचे, "नाना, आजबी तारीखच पडनी." मुलगा तापट. त्याला विरोधी वकिलावरच फौजदारी करायची होती.

आमच्या साहेबांनी मला तालुक्याला पाठवलं आणि बजावलं, 'फाईल विचारू नकोस, जावक रजिस्टर विचार.' नोंद निघाली. रेकॉर्ड खरंच पाठवलेलं होतं, पोच होती, पोचेवर सही होती. फक्त अपिलाचा नंबर आमचा नव्हता. त्याच निकालाविरुद्ध धाकट्या भावानेही स्वतःचं अपील केलेलं होतं आणि रेकॉर्ड त्याच्या अपिलात गेलं होतं. तो पुढे फिरकलाच नाही, त्याचं अपील गैरहजेरीत निकाली निघालं आणि त्या निकाली कागदांबरोबर आमचा गठ्ठाही बांधून रेकॉर्ड रूममध्ये गेला. दोन्ही अपिलं एकत्र चालवावीत असा अर्ज सुरुवातीलाच झाला असता, तर म्हाताऱ्याच्या कितीतरी खेपा वाचल्या असत्या.

बरं, गठ्ठा सापडला तरी मोजणीचा नकाशा त्यात नव्हता. मोठ्या घडीचे नकाशे वेगळे काढून ठेवतात, ते हमखास मागे राहतात. भूमी अभिलेख कार्यालयातून 'क' प्रतीची, म्हणजे मोजणी नकाशाची, नक्कल आणून ती दाखल करायला परवानगी घ्यावी लागली.

म्हणून आधी जावक क्रमांक आणि तारीख, मग पोच, मग त्या पोचेवरचा नंबर. त्याच जमिनीतली इतर प्रकरणंही तपासा : भावकीचं वेगळं अपील, निशाणी ५ च्या (तात्पुरत्या) मनाई अर्जावरचं अपील, चालू दरखास्त (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचं प्रकरण). हे सगळं अर्जात लिहा आणि खालच्या कोर्टाचा लेखी अहवाल मागवा. तोंडी 'सापडत नाही' ही कुठेही न टिकणारी गोष्ट आहे. लेखी 'आढळून येत नाही' याला किंमत असते, कारण त्याच्या जोरावर दुय्यम पुरावा, म्हणजे मूळ कागदाऐवजी नक्कल, द्यायची परवानगी मागता येते. पूर्वी त्यासाठी पुरावा कायद्याचं कलम ६५ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम ६० आहे.

चुकीच्या दारात शोधणं

दिवाणी दाव्याची फाईल तलाठ्याकडे मागणारे रोज भेटतात. फेरफाराच्या वादाचं रेकॉर्ड तहसील आणि प्रांत कार्यालयाकडे, दाव्याचं कोर्टाकडे. आरटीएस अपिलाची (फेरफार नोंदीवरच्या महसुली अपिलाची) मुदतही वेगळी : जिल्हाधिकाऱ्यांपेक्षा खालच्या अधिकाऱ्याच्या आदेशावर ६० दिवस. महसुली दप्तरात अ वर्ग कायम राहतो, ब वर्ग ३० वर्षांनी काढता येतो, त्यामुळे जुना कागद मागताना तो कोणत्या वर्गात होता हेही विचारा.

नंदुरबारकडच्यांनी लक्षात ठेवावं की जिल्हा १ जुलै १९९८ ला झाला. त्याआधीचे जिल्हा पातळीवरचे कागद धुळ्याच्या नावाने तयार झालेले आहेत आणि १९६० च्या आधीच्या कागदांवर पश्चिम खानदेश लिहिलेलं सापडेल. शहादा-तळोद्याच्या माणसाने धुळ्याला चौकशी न करता हात टेकू नयेत. धुळे आणि नंदुरबारचे पुष्कळ जुने सातबारे आणि फेरफार 'आपले अभिलेख' संकेतस्थळावर स्कॅन होऊन आलेत, ते आधी घरबसल्या बघा.

आणि अर्जात नुसता गट नंबर टाकू नका. गटवारीआधीच्या, म्हणजे तुकडे एकत्र करून गट पाडण्याआधीच्या, कागदांवर सर्व्हे नंबर असतो. एकत्रीकरणाचा उतारा काढून दोन्ही नंबर लिहा.

ओळखीने फाईल 'काढून' घेणं

बाहेरच्या दुकानात झेरॉक्ससाठी गेलेली फाईल परत येते तेव्हा एखादं पान कमी असतं आणि ते नेमकं निशाणी पडलेलंच असतं. 'शंभर रुपयांत काम होतं' हे मला सांगू नका. रीतसर अर्ज करून पाहणी करा, पानांचे आकडे वहीत टिपून ठेवा. नव्या पोरांना तेवढाही दम निघत नाही, रोजनाम्याचा फोटो मोबाईलवर काढला की त्यांना वाटतं नक्कल झाली.

उरलेल्या

अपील चालू असताना मूळ खरेदीखत कोर्टातून परत घ्यायचं असेल तर प्रमाणित प्रत मागे ठेवूनच घ्या.

नुसतं अपील दाखल झालं म्हणजे स्थगिती मिळाली असं नाही. तिचा अर्ज वेगळा द्यावा लागतो. रेकॉर्डची वाट बघत बसाल आणि समोरचा दरखास्तीत ताबा घेऊन मोकळा होईल.

रेकॉर्ड आलेलं नाही म्हणून वारसांची मुदत थांबत नाही. पक्षकार, मग तो आपला असो की समोरचा, वारला तर ९० दिवसांत वारस लावा. दहावा-तेरावा उरकला की मृत्यूचा दाखला वकिलांकडे पोचता करायचा, वर्षश्राद्धाला नाही.