अठराव्या शतकातील इंग्रज गृहस्थाच्या वेषासाठी काळाला साजेशा वस्तू कशा जमवाव्यात

कोट शिवायला टाकण्यापूर्वी साल निश्चित करावे, कारण १७४० मधील आणि १७९० मधील गृहस्थ एकाच शतकातले असले तरी त्यांच्या अंगावरच्या वस्तू सारख्या नाहीत. समजा, १७८६ मध्ये पेशव्यांच्या दरबारी पुण्यात आलेला इंग्रजांचा वकील, म्हणजे राजदूत, चार्ल्स मॅलेट रंगभूमीवर उभा करायचा आहे. त्याने पेशव्यांशी केलेल्या १७९० च्या तहाच्या दरबाराचे टॉमस डॅनियलने रंगवलेले चित्र प्रसिद्ध आहे. परंतु ते १८०५ मध्ये पूर्ण झाले, म्हणून केवळ त्यावर विसंबू नये. त्यापेक्षा रेनॉल्ड्स, गेन्सबरो आणि झोफनी यांनी १७८० च्या दशकात रंगवलेली व्यक्तिचित्रे संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर पाहावीत आणि मानेपासून पावलापर्यंतच्या प्रत्येक वस्तूची नोंद करावी.

पहिला खर्च बुटांच्या बकलांवर करावा, कारण गुडघ्याखाली संपणाऱ्या विजारीमुळे पाय पूर्ण दिसतात. या दशकातील बकले मोठी आणि पावलाच्या उंचवट्यावर बसतील अशी वळलेली असत. चित्रावरून नमुना काढून पितळेचे ओतकाम करणाऱ्या कारागिराकडून ती घडवून घेता येतात. त्याच वेळी विजारीच्या गुडघ्यांसाठी लहान जोडही करून घ्यावी. नाडीचे बूट मात्र टाळावेत. नाड्यांची चाल वाढल्यामुळे धंदा बुडू लागलेल्या बकल कारागिरांनी १७९१ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सकडे दाद मागितली होती, यावरून बकलांचा काळ कुठे ओसरू लागला हे कळते.

गळ्यासाठी आपल्याकडची तलम पांढरी मलमल निःशंकपणे वापरावी, कारण भारतीय मलमल त्या काळी इंग्लंडमध्येही गळपट्ट्यांसाठी वापरली जात असे. तपकीर ओढणाऱ्यांना तिचे डाग लपवणारे रंगीत रुमाल लागत, आणि भारतातून जाणारे बांधणीचे रेशमी रुमाल त्यासाठी लोकप्रिय होते. तेव्हा तपकिरीच्या डबीबरोबर असा रुमाल खिशात असणे अगदी योग्य ठरेल.

खिशातले घड्याळ पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोरबाजारात शोधताना पांढरी तबकडी आणि रोमन आकडे पाहावेत, आणि वरची खुंटी फिरवून किल्ली देण्याचे घड्याळ घेऊ नये. ती सोय एकोणिसाव्या शतकातली आहे. स्वतंत्र चावीचे घड्याळ मिळाले नाही, तर घड्याळ खिशातच ठेवून फक्त फीत आणि तिला लावलेली शिक्क्याची मोहोर बाहेर लोंबू द्यावी.

१७८० च्या दशकात अनेकजण स्वतःच्याच केसांना पावडर लावून मागे काळ्या रेशमी फितीने बांधत, म्हणून नटाचे केस लांब असतील तर कृत्रिम केसांच्या टोपाची गरज नाही. काळ्या नमद्याच्या साध्या टोपीची कड वाफेने मऊ करून तीन बाजूंनी वर टाचली की टोपी तयार होते. तलवार नाटकांना वेष पुरवणाऱ्यांकडून भाड्याने घ्यावी. ती सरळ, अरुंद पात्याची आणि हलक्या मुठीची हवी, आणि तशी न मिळाल्यास वाकडे पाते लटकवण्याऐवजी हातात साधी उंच छडी द्यावी.