जुन्या माउंटन बाइकची फ्रेम कशी ओळखावी

जुनी माउंटन बाइक हाती आली की बहुतेकांची नजर आधी स्टिकरवर जाते आणि फसगत तिथेच होते. स्टिकर नव्याने छापून मिळतात, रंग पुन्हा मारलेला असू शकतो आणि गिअर-ब्रेक तर दोन-तीन मालकांच्या हातून बदलत आलेले असतात. सहसा न बदलणारी गोष्ट एकच, ती म्हणजे कारखान्यात फ्रेमला झाळून किंवा वेल्ड करून बसवलेले भाग. म्हणून तपासाची सुरुवात तिथून करावी, मग मोजमापे घ्यावीत, त्यानंतर फ्रेमवरचा क्रमांक आणि सुट्या भागांवरच्या खुणा वाचाव्यात, आणि कंपनीचा जुना कॅटलॉग सर्वांत शेवटी उघडावा. तो आधी उघडला की मनात बसलेले मॉडेलच फ्रेममध्ये दिसू लागते.

हा क्रम मी ठेच खाऊन शिकलो. कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेजवळच्या एका गराज सेलमध्ये निळा रंग मारलेली, स्टिकर नसलेली एक स्टीलची फ्रेम मी ‘१९८२ सालची’ या विक्रेत्याच्या शब्दावर घेतली. सालाला एवढे महत्त्व का, हे त्या भागात राहणाऱ्याला सांगावे लागत नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरीन काउंटीत, माउंट टॅमच्या उतारांवर हा खेळ जन्मला. जो ब्रीझ यांनी १९७७-७८ मध्ये खास या कामासाठी फ्रेम बांधल्या, गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी १९७९ मध्ये ‘माउंटनबाइक्स’ नावानेच धंदा सुरू केला, आणि १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची स्टम्पजम्पर ही बाइक मोठ्या संख्येने बाजारात आली. त्यामुळे १९८० च्या दशकाच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतल्या फ्रेमला संग्राहक वेगळाच भाव देतात, आणि विकणाऱ्याला साल मागे ढकलण्याचा मोहही होतो.

मागचा ब्रेक कुठे बसतो, हे आधी पाहावे. बॉटम ब्रॅकेटपासून (पेडलचा आस बसतो तो सांधा) मागच्या ड्रॉपआउटकडे (चाकाचा आस बसतो ती खाच) जाणाऱ्या खालच्या नळ्यांना चेनस्टे म्हणतात. ब्रेक अडकवायचे दोन खुंट या नळ्यांच्या खालच्या बाजूला, बॉटम ब्रॅकेटजवळ असतील, तर ती फ्रेम बहुधा १९८६ ते १९८९ या काळातली असते. चार्ली कनिंगहॅम यांनी काढलेला रोलर-कॅम ब्रेक सुटे भाग बनवणाऱ्या सनटूर कंपनीने बाजारात आणला, पाठोपाठ तिची स्पर्धक शिमानोचा यू-ब्रेक आला, आणि तीन-चार वर्षे अनेक कंपन्यांनी मागचा ब्रेक तिथेच बसवला. तिथली नळी जाड, त्यामुळे ब्रेक दाबला तरी ती फाकत नाही, हे त्यामागचे कारण होते. पण चिखल नेमका तिथेच साचतो, आणि रबर झिजत गेले की ते रिमवरून वर सरकून टायरला घासू लागते. म्हणून ही फॅशन जशी आली तशीच गेली. माझ्या निळ्या फ्रेमचे खुंट चेनस्टेखाली होते. म्हणजे १९८२ चा दावा फ्रेम उलटी करताच निकालात निघाला.

खुंट सीटस्टेवर, म्हणजे वरच्या उभ्या नळ्यांवर, असतील तर काळ एवढ्याने ठरत नाही, कारण कॅंटिलिव्हर ब्रेक (ज्याचे दोन हात मधली वायर वर ओढून रिमवर दाबले जातात) या सगळ्या काळात चालूच होते. अशा वेळी सीटस्टेंना जोडणाऱ्या आडव्या पुलावर वायरचे कव्हर टेकवायचा आकडा (हुक) आहे का ते पाहावे. कॅंटिलिव्हरला तो लागतो. शिमानोने १९९६ च्या सुमारास आणलेल्या व्ही-ब्रेकला लागत नाही. आकडा नसणे मात्र पक्का पुरावा नव्हे, कारण काही कंपन्या तो सीटच्या बोल्टवर सुटा लावत असत. डिस्क ब्रेकचे कान मुळातलेच असतील, तर फ्रेम १९९० च्या दशकाच्या अखेरची किंवा त्यानंतरची समजावी.

मोजमापांसाठी व्हर्निअर कॅलिपर हवा. टेपने हे काम होत नाही. मागच्या दोन ड्रॉपआउटमधले आतले अंतर १२६ मिमी असेल तर फ्रेम सहसा १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धातली, १३० असेल तर त्या दशकाच्या उत्तरार्धातली, आणि १३५ असेल तर साधारण १९९० पासून पुढची असते. स्टीलची फ्रेम हाताने फाकवता येते, त्यामुळे या आकड्याला एकट्याने साक्षीदार मानू नये. हेडट्यूबचे, म्हणजे फ्रेमच्या पुढच्या आखूड नळीचे, माप अधिक भरवशाचे आहे. हेडसेटच्या (हँडल फिरवणाऱ्या बेअरिंगच्या) वाट्या काढल्यावर आतला व्यास सुमारे ३० मिमी भरला तर चिमट्याची (पुढच्या फोर्कची) नळी एक इंची असते, आणि ३४ भरला तर २८.६ मिमीची, जी १९९० च्या दशकात सर्रास झाली; ३७ भरला तर ती सव्वा इंची असते, आणि ते माप गॅरी फिशरच्या बाइकवर १९९० च्या आसपास दिसते व पुढे मागे पडते. भूमितीचे काम मोबाइलवरच्या कोन मोजायच्या ॲपने झटपट होते: हेडट्यूबचा कोन ६८ अंशांच्या आसपास आणि चेनस्टे ४६ सेंमीच्या घरातली असेल तर रचना सुरुवातीच्या काळातली, तर ७१ अंश आणि ४३ सेंमी ही १९९० च्या आसपासची मापे.

आता क्रमांक. तो बहुतेक वेळा बॉटम ब्रॅकेटच्या तळाशी ठोकलेला असतो आणि त्यावर ग्रीस, माती व रंगाचे थर असतात. पॉलिश पेपर किंवा रंग काढायचे रसायन वापरू नये, कारण उथळ ठोकलेले अंक त्याने कायमचे जातात. रॉकेलचा बोळा फिरवून जुन्या टूथब्रशने घासावे, कोरडे झाल्यावर पांढरा खडू चोळून वरचा भाग कापडाने पुसावा, आणि खोलीत अंधार करून टॉर्च अगदी तिरका धरावा. खडू खाचांत राहतो आणि ३ की ८ हा घोळ संपतो. क्रमांकाचा अर्थ मात्र प्रत्येक कंपनीचा निराळा असतो. कॅननडेलच्या १९८० च्या दशकातल्या फ्रेमवर पहिले दोन अंक मापाचे, पुढचे सहा महिना-दिवस-वर्ष या क्रमाने, आणि उरलेले अनुक्रम दाखवणारे असतात. इतके सरळ काम दुसऱ्या कंपन्यांनी क्वचितच केले आहे. (त्याच कंपनीच्या १९८४ च्या पहिल्या माउंटन बाइकचे मागचे चाक २४ इंची होते, त्यामुळे २६ इंची चाक बसत नाही म्हणून फ्रेम वाकली आहे असे समजू नये.)

क्रमांकाने दाद दिली नाही, तर शिमानोचे भाग बोलतात. क्रँकच्या (पेडलच्या दांड्याच्या) मागच्या बाजूला, डिरेलरच्या (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या भागाच्या) आतल्या अंगाला आणि ब्रेकच्या पाठीवर दोन रोमन अक्षरे ठोकलेली असतात. पहिले अक्षर वर्षाचे: ए म्हणजे १९७६, तिथून क्रमाने जात एल म्हणजे १९८७, झेड म्हणजे २००१, आणि २००२ पासून पुन्हा ए. दुसरे अक्षर महिन्याचे, ए जानेवारी ते एल डिसेंबर. एकाच भागावर विसंबू नये. तीन-चार भागांच्या तारखा काही महिन्यांच्या आत आल्या तरच ते मूळचे समजावेत, आणि त्यांतल्या सर्वांत अलीकडच्या तारखेनंतर काही महिन्यांनी बाइक जोडली गेली असे धरावे. नव्या वर्षाचे मॉडेल आदल्या शरद ऋतूतच दुकानात येते, हेही लक्षात ठेवावे. माझ्या फ्रेमच्या क्रँकवर एल-एच आणि डिरेलरवर एल-आय होते, म्हणजे ऑगस्ट आणि सप्टेंबर १९८७. पुढच्या ब्रेकवर एस-सी, म्हणजे मार्च १९९४, तो उघडच नंतर बदललेला. फ्रेम १९८८ च्या मॉडेलची ठरली.

कॅटलॉग उघडायची वेळ आता येते. मॉडेलच्या नावाने वर्ष ठरत नाही, कारण स्टम्पजम्परसारखे नाव दशकानुदशके चालते. पाहायचे ते बाटलीच्या बोल्टांची संख्या, वायरची वाट, चिमट्याचा माथा आणि हेडट्यूबवरच्या बिल्ल्याची भोके. त्यांच्यातले अंतर आणि मांडणी, उभी की आडवी, रंगाखालीही टिकून राहते, आणि त्यावरून माझ्या फ्रेमची कंपनी कळली. तिच्या १९८८ च्या कॅटलॉगमध्ये या वर्णनाची दोन मॉडेल निघाली, फरक फक्त नळीच्या जाडीचा: महागड्या मॉडेलची सीटपोस्ट (सीटचा दांडा) २६.८ मिमी, स्वस्ताची २६.४. सीटपोस्ट बसते त्या, बाहेरून २८.६ मिमी असलेल्या नळीत पोस्ट जितकी जाड बसते तितकी भिंत पातळ, आणि पातळ भिंत बहुधा महाग.

माझ्या फ्रेममधली पोस्ट २६.४ ची होती, आणि स्वस्तातले मॉडेल म्हणून मी वहीत नोंदही केली. पोस्ट पूर्ण बाहेर काढली तेव्हा तिच्याभोवती गुंडाळलेला शीतपेयाच्या डब्याचा पत्रा हातात आला, अर्धी छपाई अजून शाबूत. नळीच्या तोंडाशी दोन दिशांनी कॅलिपर लावला. दोन्ही वेळा २६.८.