वाफसा आला की मोटार बंद: उसाच्या ड्रिपला ओलाव्याचा सेन्सर

कृष्णाकाठी बहुतेक मोटारींना ऑटो स्विच असतो. रात्री लाइट आली की मोटार सुरू, गेली की बंद. रानाला पाणी हवं होतं का, हे बघतच नाही कुणी. 5 एचपीची मोटार तासाला साधारण साडेचार युनिट खाते. दोन तास जादा चालली की नऊ युनिट गेली, शिवाय वाळवा-मिरजेकडची काळी जमीन क्षारपड व्हायला हातभार लागतो तो वेगळाच.

यावर उपाय म्हणजे मातीचा ओलावा मोजून मोटार थांबवणारा सेन्सर. तो कपॅसिटिव्हच (धातू झाकलेल्या पट्टीचा) घ्या, दोन नग. उघड्या पायांचा रेझिस्टिव्ह ओल्या मातीत गंजतो. कपॅसिटिव्हच्या पट्टीच्या कापलेल्या कडा पाणी पितात आणि आकडे सरकतात, म्हणून कडांना आणि वरच्या सर्किटला एपॉक्सीचे दोन हात द्या. आकडे वाचायला ईएसपी32 (वायफाय असलेलं छोटं कंट्रोलर बोर्ड) घ्या आणि त्याच्या 34 आणि 35 नंबरच्या पिना वापरा. एडीसी2 च्या (व्होल्टेज मोजणाऱ्या दुसऱ्या गटाच्या) पिना वायफाय चालू असताना वाचन देत नाहीत.

लॅटरलपासून (ड्रिपच्या नळीपासून) वीतभर अंतरावर खड्डा काढा. एक सेन्सर 15 सेंमीवर, दुसरा 40 सेंमीवर, खड्ड्याच्या न हललेल्या भिंतीत आडवा खुपसा; पट्टी उभ्या कडेवर ठेवा, म्हणजे तिच्यावर पाणी साचत नाही. त्याच मातीचा पातळ चिखल करून भोवती भरा. काळी माती वाळली की भेगाळते. पट्टीशेजारी हवा शिरली की रान ओलं असूनही सेन्सर कोरडं सांगतो.

टक्केवारीच्या नादी लागू नका. रान पूर्ण भिजवा, दोन-तीन दिवसांनी मूठभर माती दाबून बघा. गोळा होतो, पण हाताला पाणी सुटत नाही, हा वाफसा. त्या वेळी वीस वाचनांची सरासरी काढून दोन्ही सेन्सरचा आकडा लिहून ठेवा. ओलावा वाढला की आकडा उतरतो. खालच्या सेन्सरने वाफशाचा आकडा गाठला की मोटार थांबवायची; त्यापुढचं पाणी मुळांखाली जातं.

विहीर लांब असेल तर 865–867 मेगाहर्ट्झचे लोरा (लांब पल्ल्याचे रेडिओ) मॉड्यूल लावा. रिलेचा (बोर्डाच्या हुकमाने चालणाऱ्या स्विचचा) नॉर्मली ओपन, म्हणजे एरवी उघडा राहणारा, संपर्क स्टार्टरच्या कंट्रोल वायरीत, स्टॉप बटणाच्या सिरीजमध्ये घ्या. मग सेन्सरचा निरोप दहा मिनिटं आला नाही तरी प्रोग्रॅमने रिले सोडून मोटार बंद करता येते, आणि रान ओलं असताना ऑटो स्विचही मोटार उचलू शकत नाही. स्टार्टरची कॉइल 415 व्होल्टची असेल तर 250 व्होल्टचा छोटा रिले थेट लावू नका, मध्ये कॉन्टॅक्टर (जास्त व्होल्ट सोसणारा मोठा रिले) हवाच. हे काम वायरमनकडूनच करून घ्या, आणि सेन्सर बिघडला तर पाणी अडू नये म्हणून बायपास स्विच ठेवा.

मोठ्या बांधणीच्या (उसाला मातीची भर द्यायच्या) आधी केबल काढून घ्या, नाहीतर अवजार ती तोडतं. भर लागल्यावर सेन्सर आपोआप खोल जातात. तेव्हा ते वर घेऊन वाफशाचा आकडा पुन्हा काढा.